न्हाणीच्या पाण्यावरची बाग : प्रस्तावना

दौंडला आमच्या घरामागे न्हाणीचं पाणी एका उथळ चरातून परसात सोडलेलं होतं. चराच्या दोन्ही अंगांना आईनं कर्दळ, अळू आणि दोन केळी लावल्या होत्या. पाणी जिथे जिरून जायचं तिथे कडीपत्ता आणि लिंबाचं झाड. मे महिन्यात अंगणातली माती तव्यासारखी तापायची, रुळांकडून येणारा वारा तोंडाला चटके द्यायचा, पण या दहा-बारा हातांच्या पट्ट्यात ओल असायची. दुपारची भांडी घासून झाली की आई मोरीत एक बादली जास्तीची ओतायची. "त्यांनाही तहान असते," एवढंच म्हणायची. ‘त्यांना’ म्हणजे कुणाला, हे विचारावं लागत नसे. चरात पंख फडफडवणाऱ्या साळुंक्या, चिखलाच्या कडेला बसणाऱ्या माश्या, केळफुलात चोच घालणारा शिंजीर, सगळे समोरच असत. हंड्याहंड्यानं पाणी भरायचे दिवस होते ते, म्हणून ती बादली मला आजही मोठी वाटते.

पुढे लग्न होऊन मी शिरूरला आले. जिल्हा परिषदेच्या शाळांत तेहतीस वर्षं शिकवलं, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात परसदारी खुर्ची टाकून वही उघडली. या पुस्तकात जे आहे ते त्या वहीतून आलेलं आहे. चार उन्हाळ्यांच्या नोंदी, दर वर्षी गुढीपाडव्यापासून मृगापर्यंतच्या. जागा दोनच : शिरूरच्या घरामागची जेमतेम दीड गुंठ्याची बाग आणि दौंडचं माहेरचं परस, जे आता वहिनी सांभाळते. वहिनीच्या नोंदी मी तिच्याच शब्दांत ठेवल्या आहेत, कारण ती माझ्यापेक्षा बारकाईनं बघते आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत लिहिते.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. ही घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडच्या कडेनं जाते, म्हणजे आमची दोन्ही घरं एकाच पाण्याच्या वाटेवरची. आभाळातून मात्र पाणी बेतानंच येतं. सह्याद्रीवर बरसून उरलेला पाऊस आमच्या वाट्याला येतो. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही एखाद्या वर्षी पाठ फिरवणारा. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, मावळात नि मुळशीत, त्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. त्यामुळे निसर्गावरची मराठी पुस्तकं वाचताना मला नेहमी थोडं परकं वाटायचं. त्यांतली झाडं गर्द, कातळ शेवाळलेले, काजवे झाडभर लखलखणारे. आमच्याकडे बाभूळ, बोर, हिवर, तरवड आणि कडुनिंब. नीलवंत हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, पण ते दाट झाडीतलं. माझ्या चारही वर्षांच्या वहीत ते एकदाही आलेलं नाही. त्याबद्दल मला खंत नाही. राज्यफूल ताम्हण फाटकाशी उभं आहे आणि एप्रिल संपता संपता जांभळं होतं, राज्यपक्षी हरियाल गल्लीच्या टोकाच्या वडावर फळं पिकली की थव्यानं येतो. आमच्या कोरड्या मुलखाला एवढं पुष्कळ आहे.

"उन्हाळ्यात बागेत बघायचं काय? फुलपाखरं तर श्रावणात येतात," असं मला पुष्कळांनी विचारलं. या पुस्तकाला उन्हाळा हा एकच ऋतू का, याचं उत्तर त्या प्रश्नातच दडलेलं आहे. पावसाळ्यात सगळीकडे हिरवं असतं, म्हणून जीव सगळीकडे पांगलेले असतात. चैत्रात चित्र उलटं होतं. माळ वाळतो, ओढे आटतात, ज्वारी-हरभरा निघून रानं मोकळी होतात, कांदा चाळीत जातो. उसात ओल असते, पण तिथे फूल नसतं. कोस-दोन कोसांच्या टापूत ओल, सावली आणि फूल या तिन्ही गोष्टी एकत्र उरतात त्या माणसांच्या घरामागे. भर उन्हाळ्यातली बाग म्हणजे पाणवठा असतो. आणि पाणवठ्यावर कोण कुणाच्या आधी येतं, कोण कुणाला बिचकतं, कोण कशासाठी येतं, हे सगळं एका जागी बसून दिसतं. शोधत हिंडावं लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी ही सोय लहान नव्हे.

मी मातीचं एक परळ जास्वंदीच्या सावलीत ठेवते. पाणी दोन बोटं खोल, मधे दोन खडबडीत दगड. दगड महत्त्वाचे आहेत, ते नसले की मधमाश्या बुडून मरतात. पहिल्या आठवड्यात मला हे माहीत नव्हतं आणि रोज सकाळी मी मेलेल्या माश्या उचलत होते. दगड ठेवल्यापासून एकही नाही. या परळाभोवतीची दिवसाची पाळी मी चार वर्षं लिहिली आहे. उजाडता उजाडता दयाळ येतो, त्याआधी अर्धा तास तो टाकीवर बसून गायलेला असतो. मग बुलबुलांची जोडी. सात-आठच्या सुमाराला सातभाई कलकलाट करत येतात आणि सगळ्यांना हुसकून परळाचा ताबा घेतात. अकरानंतर पक्षी कमी होतात, मधमाश्या वाढतात. एक ते तीन, ज्या वेळात घरातली माणसं पंख्याखाली पडलेली असतात, तेव्हा परळावर कावळा चोच उघडी टाकून बसलेला असतो. तो रागावलेला नसतो. पक्ष्यांना घाम येत नाही, धापा टाकूनच त्यांना अंगातली उष्णता बाहेर सोडावी लागते.

मधमाश्यांना एवढं पाणी कशाला लागतं, हा प्रश्न मला शेजारच्या चौथीतल्या मुलीनं विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. मग वाचलं, विचारलं, शेवग्याजवळच्या मेंदीच्या कुंपणात फुलोरी माश्यांचं तळहाताएवढं पोळं होतं ते बघत बसले. पोळ्यात चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपास तापमान राखावं लागतं, नाहीतर आतली पिल्लं दगावतात. बाहेर पारा चाळिशीपार गेला की माश्या पाणी आणतात, त्याचे बारीक थेंब पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. आपण वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारतो, तसंच हे. त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "मग परळ रिकामं राहिलं तर त्यांचं घर तापणार." त्या दिवसापासून दुपारचं परळ भरायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं.

याच परळाच्या कडेला, पाणी सांडून जिथे चिखल होतो, तिथे कुंभारीण येते. बारीक कंबरेची, एकटी फिरणारी माशी. ती चिखलाची गोळी करते, जबड्यात धरून नेते आणि खिडकीच्या चौकटीला, नळाच्या मागे, कधी मीटरच्या पेटीवर गळ्यासकट मडकं घडवते. सुपारीपेक्षा थोडं मोठं. मडकं झालं की आत एक अंडं घालते, मग नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या एकेक करून आत कोंबते आणि तोंड लिंपून निघून जाते. काही आठवड्यांनी त्याच मडक्याला भोक पडतं आणि आतून नवी कुंभारीण बाहेर येते.

आपल्याकडे ही गोष्ट शतकानुशतकं माहीत आहे, पण वेगळ्या रूपात. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे. एकनाथांनी त्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि ती १५७३ साली काशीत पूर्ण केली, त्यामुळे ही कथा घराघरांत पोचली. माझ्या आजीला चोवीसही गुरू तोंडपाठ होते. त्या यादीत मधमाशी आहे, दिव्यावर झेपावणारा पतंग आहे, कोळी आहे, कपोत आहे आणि शेवटी ही कुंभारीणही आहे. तिनं अळीला मातीच्या घरात कोंडलं, अळीनं भयानं तिचाच ध्यास घेतला आणि ध्यास घेता घेता ती स्वतःच कुंभारीण झाली, असा तो दृष्टांत. ज्याचं ध्यान कराल तेच व्हाल, हे सांगण्यासाठी तो योजलेला आहे आणि त्या कामाला तो अजोड आहे. मला त्यात आणखीही एक गोष्ट दिसते. हा दृष्टांत रचणाऱ्या कुणीतरी खरोखर उन्हात बसून पाहिलेलं होतं. अळी आत जाते, बाहेर कुंभारीण येते. दोन्ही टोकं अचूक आहेत. राहिलं ते मधलं. मडकं अर्ध्यावर उघडून आत काय चाललंय हे कुणी पाहिलं नव्हतं.

ते फ्रान्समध्ये ज्याँ आंरी फाब्र या शाळामास्तरानं पाहिलं. १८७९ साली, पंचावन्न-छपन्नाव्या वर्षी, त्यानं सेरिन्याँ नावाच्या खेड्यात एक दगडधोंड्यांची, काटेरी झुडपांची पडीक जमीन घेतली. तिकडच्या बोलीत अशा जमिनीला ‘आर्मास’ म्हणतात. आपल्याकडे माळ म्हणतील. लोकांना जी जमीन कशाच्याच लायकीची वाटत नव्हती, तिथे त्यानं १९१५ साली मरेपर्यंत कीटक पाहिले आणि त्यावर दहा खंड लिहिले. कुंभारणीची मडकी त्यानं वेगवेगळ्या वेळी हलक्या हातानं उघडली आणि आतलं अंडं छताला एका बारीक तंतूनं टांगलेलं पाहिलं. लुळ्या झालेल्या अळ्या अजून वळवळतात. त्यांच्या धक्क्यापासून अंडं वाचावं म्हणून ते अधांतरी असावं, असं त्याला दिसलं. अंड्यातून निघालेली आळशी दिसणारी पांढरी अळी वरून लोंबकळत खालच्या अळ्या खाते, खाऊन कोष करते आणि मग कुंभारीण होऊन बाहेर पडते. बंदिवान अळीचं काही होत नाही, ती अन्न ठरते. हे कळल्यावर दृष्टांताची गोडी माझ्यापुरती कमी झाली नाही. पण वही लिहिताना मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली : मधलं पाहिल्याशिवाय टोकं जोडायची नाहीत. माझ्या मते निरीक्षण म्हणतात ते एवढंच आहे. ते जमावं म्हणून या पुस्तकातल्या नोंदी तारीख आणि वेळेसकट आहेत, आणि जिथे मधले दिवस चुकले तिथे पान कोरं सोडलेलं आहे.

हे सगळं मला आधी सुचलं असतं तर पहिल्या वर्षीची एक गोष्ट घडली नसती. कडीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखे दिसणारे ठिपके दिसले. जवळून पाहिलं तर ते हलत होते. पानं कुरतडलेली. मी चिमट्यानं एकेक उचलून रॉकेलच्या डब्यात टाकलं, एकवीस मोजले, आणि समाधानानं वहीत लिहिलं, ‘कडीपत्ता साफ केला’. पंधरा दिवसांनी त्या मुलीनं विचारलं, "बाई, गेल्या वेळी लिंबावर काळीपिवळी फुलपाखरं होती, ती कुठं गेली?" कुठे गेली ते माझ्या वहीतच लिहिलेलं होतं.

लिंबू आणि कडीपत्ता या एकाच कुळातल्या झाडांवर हे फुलपाखरू अंडी घालतं, पिवळसर, मोहरीएवढी, बहुधा एकेक सुटं. लहानपणी अळी शिटेचं सोंग घेते, कारण शीट कुणी खात नाही. मोठी झाली की ते सोंग टाकून पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढच्या वर्षी मी तिला हात लावला नाही. त्या वर्षी कडीपत्त्यावर चौदा अळ्या मोजल्या. सहा सातभाईंनी आणि बुलबुलांनी नेल्या. तीन एके दिवशी सुकून लोंबताना दिसल्या. दोन कोषांतून फुलपाखराऐवजी चिलटाएवढ्या माश्या निघाल्या, म्हणजे त्यांच्यात आधीच कुणीतरी अंडी घालून ठेवलेली होती. तीन फुलपाखरं झाली. कडीपत्त्याला आठवड्यात नवी पालवी आली आणि आमटीला कधी पानं कमी पडली नाहीत. चौदातली तीन, हा हिशोब एकदा स्वतः मांडला की फवारणीचा पंप उचलायची घाई राहत नाही.

शेती करणाऱ्या माझ्या माणसांना मी हे सांगते तेव्हा ती ऐकतात, पण मान हलवतात. त्यांच्या बाजूनंही मला लिहायचं आहे. आमच्या भागातला शेतकरी किडे ओळखत नाही हे खोटं. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, लाल कोळी, डाळिंबातली सुरसा अळी, उसातली हुमणी ही नावं इथल्या सहावी-सातवीतल्या पोरालाही येतात, आणि ती कुठल्या पिकावर, कुठल्या महिन्यात, पानाच्या कुठल्या बाजूला बसतात हेही येतं. पण ही सगळी नावं नुकसान करणाऱ्यांची आहेत. जो काही बिघडवत नाही, किंवा मुकाट्यानं आपलं काम करतो, त्याला बहुतेकदा नावच नाही. मावा खाणारा ठिपक्याठिपक्यांचा ढालकिडा आता थोडा ओळखीचा झाला आहे, एवढंच. नाव नसलेला जीव फवाऱ्यात पहिल्यांदा मरतो, आणि मेल्याचं कुणाला कळत नाही. म्हणून या पुस्तकात जिथे रूढ मराठी नाव मिळालं तिथे ते दिलं आहे. नाही मिळालं तिथे नवं नाव घडवलेलं नाही, तो जीव कसा दिसतो आणि काय करतो ते साधेपणानं लिहिलं आहे. शास्त्रीय नावं शेवटच्या सूचीत नागरीत आहेत.

नाव नसलेल्यांचं काम किती मोठं असतं हे मला वांग्यानं शिकवलं. वांग्याचं जांभळं फूल मधमाशीला फारसं काही देत नाही. त्यात मध नाही, आणि पराग पिवळ्या केसरांच्या नळीत बंद असतो. टोकाला फक्त बारीक छिद्र. तिथे येतो तो भुंगा, निळसर झळाळीच्या पंखांचा, अंगठ्याच्या पेराएवढा. तो केसरांना मिठी मारतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. त्या क्षणी त्याचा आवाज बदलतो, उडतानाच्या घरघरीपेक्षा चढा, टोकदार सूर लागतो. मिठाच्या डबीतून मीठ झडावं तसा पराग त्याच्या पोटावर झडतो. वहिनी म्हणते, डोळे मिटून बसलं तरी कळतं की आता वांग्यावर आला. टोमॅटोच्या फुलातही असाच पराग झडतो. हा भुंगा वाळक्या लाकडाला भोकं पाडून राहतो, म्हणून परसातला मांडवाचा जुना वासा आम्ही बदललेला नाही. कांद्याचं बी धरणाऱ्यांना तर हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्याच्या तोंडाशी डेंगळ्यांच्या पांढऱ्या गोंड्यांवर माश्या घोंघावल्या नाहीत तर गोंडे पोचट निघतात. आणि ऐन फुलोऱ्यात फुलकिड्यांसाठी फवारलं तर फुलकिड्यांच्या आधी माश्या जातात. मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून पुण्यात, आमच्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहे. तिथली पुस्तकं जितक्या घरांत पोचायला हवी होती तितक्या घरांत पोचली नाहीत, असं मला वाटतं.

आता शिंजिराबद्दल, कारण पुस्तकात सर्वांत जास्त पानं त्याचीच आहेत. दुसऱ्या उन्हाळ्यात, चैत्रातच, कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला शिंजिराच्या मादीनं घर बांधायला घेतलं. नर काळाजांभळा, उन्हात निळा चमकणारा. तो जवळच्या वायरवर बसून गाणं म्हणायचा आणि दुसरा नर आला की त्याच्यावर धावून जायचा, पण काडी एकही आणली नाही. मादी मळक्या हिरव्या-पिवळ्या रंगाची, सहज नजरेत न भरणारी. नऊ दिवस ती गवताच्या काड्या, सालपटं, दोऱ्यांचे तुकडे, अळ्यांची वाळलेली विष्ठा आणत होती, आणि हे सगळं बांधत होती कोळ्याच्या जाळ्यानं. व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या जळमटाकडे ती दिवसात पंचवीस-तीस वेळा यायची, चोचीनं गुंडाळी करून न्यायची. लांबट पिशवी, बाजूला दार, दारावर छोटी पडवी. वरून सगळा कचरा लोंबत असल्यासारखं, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं वाऱ्यानं काहीतरी अडकलंय. आत दोन अंडी. पंधरा दिवसांनी पिल्लं. आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की फुलांतल्या मधावर पिल्लं वाढत नाहीत. एका सकाळी सात ते आठ या तासात मी अठरा खेपा मोजल्या, आता नरही मदतीला होता, आणि जवळजवळ प्रत्येक खेपेला चोचीत छोटा कोळी किंवा अळी होती. ज्याला आपण फुलांचा पक्षी म्हणतो त्याचं घर कोळ्यावर उभं असतं आणि पिल्लंही कोळ्यांवर पोसतात. पाडव्याआधी घरभर केरसुणी फिरवून जळमटं काढायची माझी जुनी सवय. आता व्हरांड्याच्या दोन कोपऱ्यांना मी हात लावत नाही. पावणेरावळे बघतात, मी सांगते, ते शिंजिराचं सामान आहे.

अशी घरबसली निरीक्षणं कुठवर जातात, याचं आपल्या जवळचं उदाहरण सालिम अलींचं आहे. १९३० साली हाती नोकरी नव्हती, आणि ते अलिबागजवळ किहीमला राहत होते. घराशेजारच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी तिच्यासमोर ठाण मांडून पावसाळाभर पाहिलं आणि नोंदी ठेवल्या. खोपा नर विणतो, अर्धा झाला की माद्या येऊन तो पारखतात, एखादीनं पसंत केला तरच नर तो पुरा करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसरा खोपा विणायला घेतो, हे सगळं त्या वसाहतीतून उलगडलं. इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या बाईंनी १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं आपल्या घरामागची साधी बाग नोंदवली आणि २,६७३ जातींचे जीव मोजले, त्यांतले बहुतेक कीटक. तो आकडा वाचून मी माझ्या दीड गुंठ्याकडे पाहिलं. आमची मोजणी चार वर्षांत तीनशेच्या पुढे सरकलेली नाही. तो दोष बागेचा नाही, माझ्या डोळ्यांचा आहे, आणि डोळे अजून तयार होत आहेत.

रात्रीच्या नोंदी पुस्तकात थोड्या आहेत. मोगरा दिवेलागणीला उमलतो, रातराणी त्याहून उशिरा. पांढऱ्या चाफ्याचं एक मला फार नवल वाटलं. अंगावर पान नाही, नुसत्या फांद्या आणि फुलं, अंधारात वास घमघमतो. त्या वासावर मोठे पतंग येतात, लांब सोंड घालून फूल धुंडाळतात, आणि त्यांना काहीच मिळत नाही. चाफ्यात मध नसतो. वासाच्या भरवशावर पतंग फुलामागून फूल शोधत राहतात आणि चाफ्याचं काम होतं. वळीव पडला की मात्र रात्र वेगळीच होते. पंखांच्या वाळव्या दिव्याखाली येतात, आणि जमिनीतून हुमणीचे तपकिरी भुंगेरे निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. त्याच भुंगेऱ्यांची अळी पुढे ऊस आणि भुईमुगाची मुळं खाते, म्हणून त्या संध्याकाळी गावोगाव प्रकाशसापळे लागतात. वस्त्यांवर राहणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला नोंदी पाठवल्या, त्यांत रात्रीची पानं जवळजवळ नाहीतच. ऊसपट्ट्यात बिबट्यामुळे अंधार पडल्यावर मुलांना दाराबाहेर सोडत नाहीत. पोरांनी खिडकीतून जे दिसलं ते लिहिलं. मी ते तसंच घेतलं आहे.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. बागेत येणारे हे सगळेच जीव बागेत जन्मलेले नाहीत. त्यातले पुष्कळ माळावरून, ओढ्याकाठच्या बाभुळबनातून, बांधावरच्या बोरीतून येतात. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी १८२० च्या दशकात मुंबई इलाख्याची माहिती गोळा करत दख्खन फिरला आणि १८३२ साली त्यानं इथल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. आमच्या माळावरचा तुऱ्याचा छोटा चंडोल त्याच यादीतून जगाला माहीत झाला. त्याचं शास्त्रीय नाव गॅलेरिडा देवा. तो माझ्या बागेत कधी येणार नाही. त्याला झाड नको, पाणी फारसं नको, त्याला उघडी जमीन आणि खुरटं गवत हवं. ती जमीन आम्ही सात-बारावर पडीक म्हणून लिहितो आणि प्लॉट पाडून विकतो. रांजणगावच्या नि कुरकुंभच्या कारखान्यांनी आमच्या घरांत पगार आणले, माझ्याही घरात आणले. पण शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाताना एसटीच्या खिडकीतून पूर्वी जो माळ दिसायचा तो आता तुकड्यातुकड्यानं दिसतो. घरोघरी परळं ठेवली म्हणून त्या माळाची भरपाई होणार नाही. हे पुस्तक बागेचं आहे, तरी बाग पुरेशी आहे असं ते सांगत नाही.

मांडणी साधी आहे. पाडव्याला कडुनिंबाच्या मोहरापासून सुरुवात, मग आठवड्यागणिक नोंदी; डाव्या पानावर शिरूर, उजव्या पानावर दौंड. बहावा दौंडला दर वर्षी काही दिवस आधी फुलतो, असं चारही वर्षं दिसलं; का, ते मी लिहिलेलं नाही, कारण मधलं मला दिसलेलं नाही. छायाचित्रं नाहीत. रेखाटनं शेजारच्या त्या मुलीची आहेत, आता ती आठवीत आहे. पायांच्या संख्येबाबत ती फार काटेकोर आहे. सहा पाय म्हणजे कीटक, हे तिला मीच शिकवलं होतं आणि आजवर तिनं माझी तीन रेखाटनं त्यावरून नापास केली आहेत.

शेवटची नोंद चौथ्या वर्षीच्या ९ जूनची आहे. रात्री चांगला पाऊस झाला होता. सकाळी तुळशीखालच्या ओल्या मातीत मखमलीचे लालभडक ठिपके चालत होते. "मृगाचा किडा आला," असं म्हणून मी वही उघडली. ती ओणवी होऊन बराच वेळ बघत राहिली. मग बोटानं मोजत म्हणाली, "बाई, हा किडा नाही. आठ पाय आहेत. हा कोळ्याच्या भावकीतला." मी चष्मा पुसला आणि खाली बसून पुन्हा मोजले. आठच होते. वहीत ‘किडा’ हा शब्द खोडलेला दिसेल, तो तिनं खोडलेला आहे.